सायलेन्सर निळा पडला? घासण्याआधी रंग वाचा

विळ्याला पाणी देणारा लोहार जवळून पाहिला असेल, तर तो काही क्षण एकदम गप्प होतो हे तुमच्या लक्षात आलं असेल. लालबुंद पातं पाण्यात बुडवून काढलं, दगडावर घासून त्याची एक बाजू चकचकीत केली आणि पुन्हा हलकी ऊब दिली, की त्या चकचकीत पट्ट्यावर रंग सरकू लागतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. हवा तो रंग धारेशी पोचला की चर्र करून पातं पुन्हा पाण्यात. लोहाराजवळ थर्मामीटर नसतो, तो रंगावरूनच उष्णता मोजतो.

तुमच्या मोटारसायकलच्या बेंड पाइपवर, म्हणजे इंजिनातून निघून सायलेन्सरकडे वळणाऱ्या नळीवर, जे सोनेरी-जांभळे-निळे पट्टे उमटतात ते त्याच जातीचे. नवी गाडी घेतलेला माणूस महिन्याभरात ते पाहतो, कळवळतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठल्या पॉलिशने जाईल?’ पॉलिशने जातो, त्याची रीत पुढे दिली आहे. पण पाइप कुठे, किती आणि का तापतो आहे हे तो रंग फुकटात सांगत असतो. ते वाचायच्या आधीच पुसून टाकलं, तर महिन्याभरात रंग परत येतो आणि दर खेपेला पाइपवरचं क्रोम थोडं थोडं झिजतं.

रंग येतो कुठून?

पावसात ओल्या रस्त्यावर पेट्रोलचा थेंब सांडला की त्यावर इंद्रधनुष्य दिसतं. हे रंग पेट्रोलच्या स्वतःच्या रंगाचे नसतात. अतिशय पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि थर किती जाड आहे त्यानुसार रंग दिसतो. तापलेल्या पाइपवरही हेच होतं. धातूचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा धरतो. उष्णता वाढली, तापण्याचा वेळ वाढला, की पापुद्रा जाड होतो आणि रंग पिवळ्याकडून निळ्याकडे सरकतो.

साध्या पोलादावर गवती पिवळा रंग साधारण 220 अंश सेल्सियसला आणि निळा 300 च्या आसपास येतो. स्टेनलेस स्टीलवर हेच रंग बरेच उशिरा येतात: फिकट पिवळा 300 च्या आसपास, जांभळा 450 च्या सुमारास आणि निळा 540 च्या पुढे. क्रोमचं वागणं स्टेनलेसच्या जवळचं. हे आकडे अंदाजापुरतेच वापरा. कमी उष्णतेत पाइप तासन् तास राहिला तरी रंग गडद होतो.

यातून एक दिलासा मिळतो. इंजिनातून बाहेर पडणारा वायूच कित्येक शे अंशांचा असतो, त्यामुळे एकेरी भिंतीच्या क्रोम पाइपला पहिल्या वळणावर थोडा सोनेरी रंग येणारच. तो दोष नाही. काही गाड्यांना दुहेरी भिंतीचे पाइप असतात. त्यांत आतली नळी तापते आणि बाहेरची त्या मानाने थंड राहते, म्हणून ते फारसे रंगत नाहीत. शेजाऱ्याचा पाइप चकचकीत आणि आपला सोनेरी, एवढ्यावरून आपल्या इंजिनात खोट आहे असं ठरवू नका.

आधी पाइप कशाचा आहे ते पाहा

पाइप थंड असताना त्याला लोहचुंबक लावा. चुंबक घट्ट चिकटला आणि पाइपमध्ये आरशासारखं, किंचित निळसर झाक असलेलं प्रतिबिंब दिसत असेल, तर ते पोलादावरचं क्रोम. चुंबक अजिबात धरला नाही, तर 304 जातीचं स्टेनलेस किंवा महागड्या गाड्यांवरचं टायटॅनियम. मधला एक प्रकार फसवतो. सायलेन्सरसाठी वापरलं जाणारं 409 जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं, पण त्याला आरशाची चमक नसते. आणि रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांचा बेंड पाइप मॅट काळ्या रंगाने रंगवलेला असतो. तो निळा पडत नाही. त्याचा रंग उडतो आणि मग गंज धरतो.

क्रोमच्या बाबतीत एक आकडा डोक्यात पक्का ठेवा. शोभेसाठी दिलेला क्रोमचा थर एक मायक्रॉनही जाड नसतो. बहुधा पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा. क्रोमखाली निकेलचा जाड थर असतो आणि गंजाला खरा तोच अडवतो. तुम्ही घासता तेव्हा तुमच्या हाताखाली केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ कवच असतं.

रंग काय सांगतो आहे?

माझ्याकडे पूर्वी 150 सीसीची एक गाडी होती. तिचा पाइप निळा पडे, मी रविवारी तो चमकवी, पुढच्या रविवारपर्यंत तो पुन्हा निळा. दोन वर्षं हा नेम चालला. एका मेकॅनिकने गाडी स्टँडला लावून फक्त एक काम केलं. पाइप जिथे इंजिनला जोडतो त्या कडेवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट मला दाखवलं. आतलं पॅकिंग, म्हणजे जोडातली गॅस्केटची रिंग, दबून गेली होती. प्रत्येक झटक्यासरशी तिथून थोडी हवा पाइपमध्ये ओढली जात होती आणि न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटत होतं. नवी रिंग पडली आणि निळेपणा थांबला. पण तोवर माझ्या रविवारच्या मेहनतीने वळणावरचं क्रोम संपलं होतं. पुढच्या पावसाळ्यात नेमका तिथेच गंज आला. चूक माझीच होती. दोन वर्षं मी पाइप पाहत होतो, जोड पाहिला नव्हता.

म्हणून पॉलिशच्या डबीआधी ही तपासणी करा.

पहिला, जोड. गाडी पूर्ण थंड असताना इंजिन आणि पाइप यांच्या सांध्याभोवती काजळीची रेघ आहे का पाहा. मग सांध्यावर साबणाचं पाणी लावून गाडी चालू करा आणि पहिल्या काही सेकंदांत बुडबुडे येतात का पाहा. पाइप तापायच्या आत हात बाजूला घ्या. उतारावर थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येत असेल, तर संशय आणखी बळावतो.

दुसरा, प्लग. हमरस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणलेल्या गाडीचा प्लग थंड झाल्यावर काढा. टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर ठीक. पांढरं, राखेसारखं असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. इंजिन जोरात चालतं तेव्हा थोडं जास्तीचं पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषतं. ते कमी पडलं की ती उष्णता पाइपात जाते. एअर फिल्टर फाटलेला असणं, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर तडकलेलं असणं, जेटमध्ये कचरा अडकणं, ही नेहमीची कारणं.

तिसरा, कार्बोरेटरचा स्क्रू. पीयूसीत आकडा कमी यावा म्हणून काही जण तो फिरवून पेट्रोल कमी करतात आणि मग तो तसाच राहून जातो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत कसला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की प्रमाण वाढतं. हे माहीत नसताना फिरवलेला स्क्रू नेमका उलटं काम करतो. आणि हा स्क्रू फक्त आयडलिंग आणि अगदी कमी थ्रॉटल सांभाळतो. हमरस्त्यावर पाइप निळा पडत असेल तर तिथे जेट आणि नीडल पाहावी लागते, आणि ते काम मेकॅनिकवर सोडलेलं बरं.

चौथा, टायमिंग आणि टॅपेट. ठिणगी उशिरा पडली की जळण सिलिंडरमध्ये पूर्ण होत नाही आणि धग पाइपात उतरते. पॉइंटवाल्या जुन्या गाड्यांत पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे जातं. एक्झॉस्टचा टॅपेट फार कसलेला असेल, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि पेटता वायू फटीतून निसटतो. तेव्हा पाइपसोबत व्हॉल्व्हही जळतो, म्हणून हे पुढे ढकलू नका.

पाचवा, सायलेन्सर बदलला आहे का? मोकळा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून कार्बोरेटरचे जेट तेच ठेवले तर मिश्रण पातळ होतं आणि पाइप निळा पडतो. असे सायलेन्सर पोलिसांनी जप्त करून रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्ही वर्तमानपत्रात पाहिलेच असतील. कंपनीचा सायलेन्सर परत बसवला की दोन्ही डोकेदुखी एकदम जातात.

सहावा मुद्दा अलीकडचा, 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे 13.5 पट. इंजेक्शनच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून भरून काढतो. जुन्या कार्बोरेटरला तो कळतच नाही. जी गाडी आधीच काठावर होती ती त्यामुळे पलीकडे जाऊ शकते. जुन्या गाडीचा पाइप गेल्या दोन-तीन वर्षांतच रंगू लागला असेल, तर ट्यूनिंग करताना मेकॅनिकला हे जरूर सांगा.

दोन सिलिंडरच्या गाडीवर तर रंग जास्तच बोलका. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर 650 सारखी गाडी असेल तर दोन्ही पाइप शेजारी शेजारी धरून बघता येतात. दोन्ही सारखेच सोनेरी असतील तर काळजी नको. एक सोनेरी आणि दुसरा गडद निळा असेल, तर त्या एका सिलिंडरकडेच काहीतरी बिनसलं आहे.

आणि कधी कधी दोष गाडीचा नसून आपल्या सवयीचा असतो. सकाळी गाडी स्टँडवर चालू ठेवून चहा घ्यायचा, धूत असताना चालू ठेवायची, फोटोसाठी जागच्या जागी रेझ करायची. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला वाराच मिळाला नाही तर पाइप तापणारच. सुरू केल्यावर मिनिटभरात निघा आणि पहिले दोन किलोमीटर सावकाश चालवा. तेवढ्याने गाडी गरम होते.

आता घासायचं, पण बेताने

क्रोमची रीत अशी. गाडी किमान दोन-तीन तास बंद असली पाहिजे. सायलेन्सरच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा घाला, म्हणजे पाणी आत जाणार नाही. गाडी धुण्याच्या शाम्पूने पाइप धुवा आणि कोरडा करा. डांबराचे ठिपके असतील तर चिंधीवर थोडं रॉकेल घेऊन पुसा आणि ती जागा पुन्हा साबणाने धुवा. वाळूचा एक कण जरी राहिला तरी पुढच्या घासण्यात तो ओरखडा काढणार.

आता धातूचं पॉलिश. ट्यूबमध्ये मिळणारी ऑटोसॉलसारखी पेस्ट चालते. वाटाण्याएवढी पेस्ट जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर घ्या आणि आधी पाइपच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला लावून पाहा. ठीक वाटलं तर तळहाताएवढा भाग घेऊन हलक्या हाताने चोळा. चिंधी काळी होईल. ती फिरवत राहा आणि जास्त काळी झाली की बदला. वळणाच्या मागची बाजू हाताला येत नाही. तिथे कापडाची लांब पट्टी पाइपमागून घालून दोन्ही टोकं आळीपाळीने ओढा, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी.

सोनेरी आणि तपकिरी रंग एवढ्याने जातो. निळा चिवट असतो. त्यासाठी 0000 क्रमांकाची, म्हणजे सर्वांत बारीक, स्टील वूल पेस्टसोबत अगदी हलक्या हाताने वापरता येते. ती नसेल तर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला बोळा पाण्यात बुडवून फिरवून पाहा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरंच मऊ असल्याने ओरखड्याची भीती कमी. गंजाच्या बारीक ठिपक्यांवर तर हा उपाय फार छान चालतो.

थांबायचं कधी? घासूनही उबदार पिवळसर झाक जात नसेल आणि चिंधीवर आता काळंही येत नसेल, तर समोर उष्णतेचा रंग नाही. क्रोम संपून खालचं निकेल दिसू लागलं आहे. तिथे हात आवरा. तो पाइप आता फक्त प्लेटिंगवाल्याच्या हातचा.

शेवटची पायरी बहुतेक लोक विसरतात. पॉलिशचा तेलकट थर आणि बोटांचे ठसे तसेच राहिले, तर गाडी सुरू होताच ते भाजून पाइपवर पक्के बसतात. स्वच्छ कापडावर स्पिरिट घेऊन सगळा पाइप पुसा, स्पिरिट पूर्ण उडून जाऊ द्या, चिंध्या लांब ठेवा आणि तोंडातला बोळा काढून मगच गाडी चालू करा. नवा पाइप बसवतानाही पहिल्या किकआधी हेच करा.

स्टेनलेसवर पेस्ट तीच चालते, पण साधी स्टील वूल नको. तिचे लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि मग गंजतात. नायलॉनचा बारीक पॅड घ्या आणि धातूवरच्या रेषांच्या दिशेनेच घासा. वेल्डिंगवाल्याकडची पिकलिंग पेस्ट मात्र घरी आणू नका. तिच्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीतून आत शिरतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. टायटॅनियमचे निळे-जांभळे रंग हौसेने मिरवतात, तिथे साबण-पाणी पुरे. काळ्या रंगाच्या पाइपला पॉलिश लावू नका. गंज घासून, पुसून, उच्च तापमानाचा काळा रंग मारा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे थोडं तापव, थंड होऊ दे, असं टप्प्याटप्प्याने पक्का करा.

घरातले उद्योग टाळा

तांब्याच्या घंगाळाला चिंच-मीठ लावून लख्ख करणाऱ्या घरात तोच प्रयोग पाइपवर करायचा मोह होतो. क्रोमला बारीक छिद्रं आणि तडे असतात. मीठ त्यांत शिरलं की गंजाला आवतण. संडास साफ करायच्या ॲसिडने तर निळा रंग जातो आणि त्याच्यासोबत क्रोमही जातं. सँडपेपर, भांड्याची तारेची घासणी, ग्राइंडरला लावलेला बफ, यांतलं काहीही पाव मायक्रॉनच्या थरासाठी बनलेलं नाही. तापलेल्या पाइपवर गार पाण्याची बादली ओतू नका. प्लेटिंगला तडे जाऊ शकतात आणि उसळणाऱ्या वाफेने हात भाजतो.

पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट म्हणजे पाइपला चिकटलेला रेनकोट. तो गरम असताना ओढला तर पसरतो. गाडी थंड होऊ द्या, मग पुन्हा थोडा वेळ चालू करून पाइप जेमतेम कोमट करा, बंद करा आणि लाकडी चमच्याच्या कडेने किंवा मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने खरवडा. स्क्रू-ड्रायव्हर नको. उरलेला डाग पेस्टने जातो.

पुन्हा रंगू नये म्हणून

बेंड पाइपवर साधं मेण लावू नका, ते जळून तपकिरी डाग पडतात. मेण चालतं ते मागच्या, कमी तापणाऱ्या सायलेन्सरवर. पाइपभोवती पट्टी गुंडाळायची फॅशन आहे. तिने रंग झाकला जातो, पण पट्टीत पाणी मुरतं. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत असा पाइप आतून कधी सडला हे कळतही नाही. किनाऱ्यावरून फिरून आलात तर गाडी थंड झाल्यावर साध्या पाण्याने पाइप धुवा. खर्चाची तयारी असेल तर पाइपला आतून सिरॅमिक कोटिंग करून घेता येतं. उष्णता आतच राहते आणि बाहेरचं क्रोम कमी तापतं. पण नव्या पाइपलाच ते करण्यात अर्थ आहे.

आणि एक फुकटचा उपाय. दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच जागी, त्याच बाजूने मोबाइलवर पाइपचा फोटो काढा. रंग तिथेच थांबला असेल तर निश्चिंत राहा. सोनेरी पट्टा मागे सरकू लागला, किंवा त्याच्या पोटात निळा डोळा उघडला, तर जोड, प्लग, टॅपेट याच क्रमाने पाहा.

माझ्या आताच्या गाडीच्या पाइपवर इंजिनपासून चार बोटं सोनेरी पट्टा आहे. तीन वर्षं तो तिथेच आहे. धुतो, पुसतो, घासत नाही. हवा तो रंग आला की लोहार पातं पाण्यात घालतो. मी त्या रंगापाशी थांबून चिंधी खाली ठेवली आहे.